दहा पौंडांचे मुंबई बेट आणि पौंडाची बदलती किंमत

१६६१ च्या विवाहकरारानुसार मुंबई बेट पोर्तुगालकडून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे गेले आणि १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले. त्याबद्दल कंपनीने दरवर्षी ३० सप्टेंबरला सोन्याच्या रूपात दहा पौंड भाडे द्यावे, असे सनदेत ठरले. मुंबईच्या इतिहासात हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो, आणि तो वाचणाऱ्याच्या मनात हमखास प्रश्न उभा राहतो की त्या दहा पौंडांचे आज किती झाले असते.

ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १७५० ते २००३ या काळात तिथल्या ग्राहक किमती सुमारे १४० पट झाल्या. १६६८ मधली किमतींची पातळी १७५० च्या पातळीपासून फार दूर नव्हती आणि २००३ नंतर तिथला किरकोळ किंमत निर्देशांक दुपटीहून थोडा अधिक झाला आहे. या हिशेबाने दहा पौंडांचे आज सुमारे तीन हजार पौंड होतात. आता हाच हिशेब मजुरीने करून पाहू. त्या काळी दक्षिण इंग्लंडमधल्या कुशल बांधकाम कारागिराला दिवसाला सुमारे दीड शिलिंग मिळे. दहा पौंड म्हणजे दोनशे शिलिंग, म्हणजेच त्याच्या १३३ दिवसांच्या कष्टाचे पैसे. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या पूर्णवेळ नोकरदाराची मध्यक (म्हणजे उतरंडीत बरोबर मधोमध पडणारी) साप्ताहिक कमाई ७२८ पौंड होती, आणि पाच दिवसांचा आठवडा धरून १३३ दिवसांची कमाई काढली तर ती एकोणीस हजार पौंडांच्या वर जाते. तिसरा मार्ग सोन्याचा. गिनी हे सोन्याचे नाणे १६६३ पासून पाडले जात होते, त्याचे नाममात्र मूल्य तेव्हा २० शिलिंग होते आणि त्यात सुमारे ७.७ ग्रॅम शुद्ध सोने असे. अशा दहा गिन्यांत सुमारे ७७ ग्रॅम सोने भरते, आपल्या आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने साडेसात तोळ्यांहून थोडे अधिक.

यातले कोणतेही उत्तर खोटे नाही. पहिले उत्तर वस्तूंचे आहे, दुसरे माणसाच्या श्रमाचे आणि तिसरे धातूचे. या तीन गोष्टी गेल्या सातशे वर्षांत एकमेकींबरोबर चालल्या नाहीत. कधी धातू जागेवर राहिला आणि धान्य चढले, कधी मजुरी चढली आणि कापड उतरले. पौंडाच्या जुन्या किमतीचा शोध घ्यायचा तर ही वाटचाल पाहावी लागते.

पौंड हे मुळात वजन. आठव्या शतकापासून इंग्लंडमध्ये चांदीची पेनी पाडली जाऊ लागली, आणि एक पौंड वजनाच्या चांदीतून २४० पेन्या काढण्याचा प्रघात पडला. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हे हिशेबाचे कोष्टक त्यातून आले. कितीतरी शतके शिलिंग आणि पौंड ही केवळ वहीतली परिमाणे होती. हातात पडे ती पेनीच. सोळा आणे आणि एकशे ब्याण्णव पैंचा रुपया ज्यांनी वापरला किंवा आजोबांच्या तोंडून ऐकला, त्यांना हे कोष्टक परके वाटणार नाही. पेनीचा चौथा हिस्सा म्हणजे फार्दिंग, म्हणजेच पौंडाचा ९६० वा भाग, एवढ्या लहान नाण्यालाही बाजारात काम होते, यावरूनच त्या पौंडाचे वजन समजते.

मध्ययुगातल्या पेनीची खरेदीशक्ती कळते ती मजुरीच्या नोंदींवरून. मठ, महाविद्यालये आणि चर्चच्या बांधकामांचे हिशेब शतकानुशतके जपले गेले आणि त्यांवरून १९५० च्या दशकात हेन्री फेल्प्स ब्राऊन आणि शीला हॉपकिन्स या अभ्यासकांनी सात शतकांच्या किमतींची आणि मजुरीची मालिका तयार केली. आजही या विषयावर बोलणाऱ्याला तिच्याकडे यावे लागते. १३४८-४९ च्या महामारीने इंग्लंडची लोकसंख्या झपाट्याने घटली, हात कमी पडले आणि मजुरी वाढली. १३५१ मध्ये कायदा करून मजुरी जुन्या दरावर रोखण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. त्यानंतर जे स्थैर्य आले ते आपल्याला चकित करणारे आहे. १४१२ पासून १५३२ पर्यंत, म्हणजे १२० वर्षे, दक्षिण इंग्लंडमधल्या बांधकाम कारागिराची मजुरी दिवसाला सहा पेन्स आणि साध्या मजुराची चार पेन्स अशीच राहिली. पणजोबाने घेतली तेवढीच मजुरी पणतूने घेतली, आणि तेवढ्याच पैशात बहुतेक तेवढेच धान्य घरी नेले.

हे स्थैर्य सोळाव्या शतकात मोडले. त्याची दोन कारणे वेगवेगळी ठेवून पाहिली पाहिजेत. पहिले कारण राजाच्या टाकसाळीतले. आठव्या हेन्रीने युद्धखर्चासाठी १५४० च्या दशकात चांदीच्या नाण्यांत तांबे मिसळायला सुरुवात केली. साडेब्याण्णव टक्के कस असलेले चांदीचे नाणे १५५१ पर्यंत पंचवीस टक्क्यांवर उतरले. नाण्यावरच्या राजाच्या चेहऱ्यावर सर्वांत उंच भाग नाकाचा. चांदीचा मुलामा आधी तिथून झिजे आणि खालचे तांबे दिसू लागे, म्हणून लोक त्याला तांबडनाक्या म्हणत. एलिझाबेथ राणीने १५६०-६१ मध्ये ही हिणकस नाणी परत घेऊन पुन्हा चांगल्या कसाची नाणी पाडली. नाणे सुधारले, पण किमती खाली आल्या नाहीत, आणि तिथे दुसरे कारण दिसते. लोकसंख्या पुन्हा वाढत होती, खाणारी तोंडे जमिनीच्या मानाने जास्त झाली होती, आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोटोसीसारख्या खाणींची चांदी युरोपभर पसरत होती. १४५१ ते १४७५ या काळातल्या किमती १०० धरल्या तर अठराव्या शतकाच्या आरंभी त्या पाच-सहाशेच्या घरात पोहोचल्या होत्या. मजुरीही वाढली, पण फार मागून. या सात शतकांच्या मालिकेत बांधकाम कारागिराच्या मजुरीची खरेदीशक्ती सर्वांत खाली आढळते ती १५९७ मध्ये, लागोपाठ बुडालेल्या पिकांच्या काळात. इंग्लंडच्या इतिहासातला सुवर्णकाळ म्हणून ज्या राणीची कारकीर्द सांगितली जाते, तिच्या अखेरच्या वर्षांत तिथल्या कारागिराची भाकरी सर्वांत लहान झालेली होती. वैभवाच्या वर्णनाबरोबर हा आकडाही वाचला गेला पाहिजे, असे मला फार वाटते.

जुन्या पैशाची आजची किंमत काढावी कशी, हा प्रश्न पहिल्यांदा पद्धतशीरपणे हाताळला गेला तो अर्थशास्त्रासाठी नव्हे, तर सदसद्विवेकासाठी. पंधराव्या शतकाच्या मध्यास ऑक्सफर्डमध्ये स्थापन झालेल्या एका महाविद्यालयाच्या नियमांत असे होते की, ज्याला स्वतःचे वार्षिक पाच पौंडांहून अधिक उत्पन्न असेल त्याने अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) सोडावी, आणि तशी शपथ अधिछात्रांना घ्यावी लागे. अडीचशे वर्षांनी पाच पौंडांत माणसाचे वर्ष निघत नव्हते. मग सहा पौंड उत्पन्न असलेल्या माणसाने ती शपथ घेतली तर तो खोटेपणा ठरेल काय? विल्यम फ्लीटवुड या धर्मगुरूने, जो पुढे बिशप झाला, या शंकेचे उत्तर देण्यासाठी १७०७ मध्ये निनावी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने धान्य, मांस, पेय आणि कापड यांच्या जुन्या किमती कागदपत्रांतून खणून काढल्या आणि सांगितले की, सहाव्या हेन्रीच्या काळी पाच पौंडांत पाच क्वार्टर (धान्याचे एक जुने माप) गहू, चार पिंपे बिअर आणि सहा यार्ड कापड येत असे. तेवढ्याच वस्तूंना आता अठ्ठावीस ते तीस पौंड पडतील. म्हणून सहा पौंडांच्या धन्याने ती शपथ निःशंक मनाने घ्यावी.

फ्लीटवुडची मोठी गोष्ट केवळ आकड्यांत नाही. कोणत्या वस्तू मोजायच्या, हे त्याने त्या माणसाच्या जगण्यावरून ठरवले. महाविद्यालयात राहून अभ्यास करणारा माणूस काय खातो, काय पितो, अंगावर काय घालतो, एवढेच त्याने टोपलीत घेतले. आज निर्देशांक काढणारी प्रत्येक संस्था हेच करते आणि तिला हाच प्रश्न सतावतो. त्याने काढलेली सुमारे साडेपाच-सहा पटींची वाढ अडीचशे वर्षांनी झालेल्या फेल्प्स ब्राऊन आणि हॉपकिन्स यांच्या मोजणीशी जुळते, हे पाहून त्या माणसाबद्दल मनात आदर दाटतो.

फ्लीटवुडच्या शंकेत एका माणसाची वृत्ती पणाला होती. इतरत्र अशाच गोठलेल्या आकड्यांवर राज्याचे कायदे आणि माणसांचे जीवही टांगलेले होते. १४३० च्या कायद्याने परगण्यातून पार्लमेंटवर प्रतिनिधी निवडण्याचा हक्क वर्षाला किमान चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असणाऱ्यांना दिला. तेव्हाच्या सहा पेन्स रोजाने ती कारागिराची ऐंशी दिवसांची मजुरी होती. हेतू हा होता की मतदान भरभक्कम लोकांपुरते राहावे. आकडा कोणी बदलला नाही, पैशाची किंमत उतरत गेली आणि ज्यांना दूर ठेवायचे होते त्यांतले कितीतरी जण कायद्याचे एक अक्षरही न बदलता मतदार झाले. परगण्यातल्या मतदानाचा हा एकमेव आधार पुढची चारशे वर्षे, १८३२ च्या सुधारणेपर्यंत, चालला.

चोरीच्या कायद्यात हीच गोष्ट उलट दिशेने आणि भयंकर रीतीने घडली. तेराव्या शतकापासून बारा पेन्सहून अधिक मोलाची चोरी ही मोठी चोरी ठरे आणि तिला देहदंड होता. तेव्हा साध्या मजुराची मजुरी दिवसाला दीड-दोन पेन्स असल्याने बारा पेन्स म्हणजे आठवड्याभराची कमाई. अठराव्या शतकाच्या मध्यात दक्षिण इंग्लंडमधला साधा मजूर एका दिवसात बारा पेन्सहून अधिक मिळवत होता, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीइतक्या चोरीवर गळफासाची छाया पडू लागली. संसदेने आकडा हलवला नाही. तो ज्युरींनी हलवला. चोरलेल्या वस्तूचे मोल डोळ्यांना दिसत असूनही दहा पेन्स लिहायचे आणि आरोपीला फाशीपासून वाचवायचे, असा परिपाठ पडला. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी देहदंडास पात्र होती, म्हणून निकालांत एकोणचाळीस शिलिंग हा आकडा वारंवार भेटतो. कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोनने याला धर्मबुद्धीने केलेली शपथमोड अशा अर्थाचे नाव दिले. मोठी आणि लहान चोरी हा भेद १८२७ मध्ये रद्द झाला. महागाई न मोजणारा कायदा किती क्रूर होऊ शकतो आणि बारा सामान्य माणसांची समज त्याला कशी वळण देते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

पोटाचा प्रश्न इंग्लंडने वेगळ्या युक्तीने सोडवला होता. तेराव्या शतकापासून पावावर जे नियंत्रण होते त्यात पावाची किंमत स्थिर धरून गव्हाच्या भावाप्रमाणे त्याचे वजन बदलत असे. गहू महागला की पेनीचा पाव पेनीलाच मिळे, पण लहान होई. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांनाच राहून आतून हलका होत जातो, तीच ही रीत, फक्त तिथे ती कायद्याने ठरवलेली आणि तक्ता लावून जाहीर केलेली होती. लंडनमध्ये हे नियंत्रण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी संपले, इतरत्र ते १८३६ पर्यंत टिकले. त्यामुळे जुन्या नोंदीत "एका पेनीचा पाव" असे वाचून त्यावरून पेनीची किंमत काढायला जाणारा फसतो. त्याने आधी त्या वर्षीचे वजन विचारले पाहिजे.

मजुरीला थेट पावाच्या भावाशी बांधण्याचा निर्णय ६ मे १७९५ रोजी बर्कशर परगण्यातल्या स्पीनहॅमलंड इथे तिथल्या दंडाधिकाऱ्यांनी घेतला. सुमारे चार किलोचा पाव एका शिलिंगला असेल तेव्हा प्रत्येक गरीब कष्टकऱ्याला स्वतःसाठी आठवड्याला तीन शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग मिळाले पाहिजेत. मजुरी तेवढी नसेल तर उरलेले धर्मादाय करातून द्यावेत, आणि पाव पेनीने चढला की मदतही ठरल्या प्रमाणात चढावी, अशी ती व्यवस्था होती. नवरा, बायको आणि तीन मुलांच्या घराला या हिशेबाने आठवड्याला नऊ शिलिंग लागत, आणि दक्षिणेतल्या शेतमजुराची आठवड्याची मजुरी आठ-नऊ शिलिंगांच्याच आसपास असे. आपल्याकडच्या नोकरदाराला महागाई भत्त्याचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. त्याचे एक जुने रूप हे होय. या व्यवस्थेने जमीनमालकांना मजुरी कमी ठेवण्याची सवड दिली, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि १८३४ च्या कायद्याने गरिबांच्या मदतीचे स्वरूपच बदलले. पण स्पीनहॅमलंडच्या कोष्टकात त्या काळच्या पौंडाचे खरे मोल जेवढे स्पष्ट दिसते तेवढे इतरत्र क्वचित दिसते, कारण अशा घरांचा दोन-तृतीयांशाहून अधिक खर्च पोटावर आणि त्यातला बहुतांश पावावर होत होता.

इथे थोडे थांबून वस्तू आणि श्रम यांच्यातली दरी पाहू. सॅम्युअल जॉन्सनचा दोन खंडांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ मध्ये चार पौंड दहा शिलिंगांना विकला जात होता. त्याच लंडनमध्ये घरकाम करणाऱ्या बाईला राहणे-खाणे वेगळे धरून वर्षाचे रोख सहा-आठ पौंड मिळत. म्हणजे एका शब्दकोशाच्या किमतीत मोलकरीण सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवता येई. आज शब्दकोश कोणालाही घेता येतो आणि ब्रिटनमध्ये पूर्णवेळ घरकामगार ठेवणे फारच थोड्यांना परवडते. यंत्रांनी कापड, छपाई, भांडी आणि दिवा स्वस्त केला. माणसाचा वेळ मात्र महाग होत गेला. म्हणून "वर्षाला तीनशे पौंड उत्पन्न असलेला गृहस्थ" असे वाचल्यावर किंमत निर्देशांकाने गुणून येणारा आकडा त्याचे ताट दाखवतो, पण त्याच्या दारातली नोकरमाणसे आणि समाजातले स्थान दाखवत नाही. ते पाहायचे तर त्या रकमेची तुलना त्याच काळच्या मजुरीशी करावी लागते. मोठी राजकीय खर्चाची रक्कम असेल, एखादे युद्ध किंवा कालवा, तर ती त्या काळच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा कितवा हिस्सा होती हेच मोजमाप खरे ठरते.

सोन्याकडे वळू. १७१७ मध्ये आयझॅक न्यूटन लंडनच्या टाकसाळीचा प्रमुख असताना गिनीचे मूल्य २१ शिलिंग ठरले, आणि त्याबरोबर प्रमाणित सोन्याच्या एका औंसाचा टाकसाळीतला भाव ३ पौंड १७ शिलिंग साडेदहा पेन्स असा स्थिर झाला. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत १७९७ पासून १८२१ पर्यंत बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले, किमती चढल्या, पण युद्ध संपल्यावर देश पुन्हा त्याच भावावर परतला. १८१७ पासून सॉव्हरिन हे एका पौंडाचे सोन्याचे नाणे पाडले जाऊ लागले. महाराष्ट्रात हेच नाणे गिनी किंवा गिन्नी या नावाने घरोघरच्या दागिन्यांत आणि साठवणीत शिरले, आणि १९१८ मध्ये तर मुंबईतच रॉयल मिंटची शाखा उघडून ही नाणी पाडली गेली.

१८२१ ते १९१४ या काळात किमती वर्षागणिक चढल्या-उतरल्या, १८७३ नंतरची वीसेक वर्षे तर त्या सतत घसरत राहिल्या. तरीही शतकाच्या शेवटी त्या सुरुवातीच्या पातळीपासून फार दूर नव्हत्या. तीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांत हजार पौंड ठेवलेली विधवा वर्षाला तीस पौंड घेई, आणि तिच्या नातवालाही तीस पौंडांत साधारण तेवढेच मिळे. १८४० मध्ये पत्रासाठी ठरलेला एक पेनी हा दर १९१८ पर्यंत, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षे, तसाच राहिला. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमधले पहिल्या वर्गाचे टपाल तिकीट १ पौंड ७० पेन्सचे झाले. जुन्या मापाने ते ४०८ पेन्स होतात. पत्राचा दर ४०८ पट झाला, पण सर्वसाधारण किमती तर १७५० पासूनही तीनशे पटींच्या आसपासच वाढल्या आहेत. म्हणून एकाच वस्तूवरून पौंडाची किंमत काढू नये. पत्र महागले त्याचे एक कारण तर हेच की ते माणूस दारापर्यंत आणून देतो.

१९१४ नंतर हे जग उरले नाही. जुलै १९१४ ची पातळी १०० धरून काढला जाणारा सरकारी निर्वाह खर्च निर्देशांक नोव्हेंबर १९२० मध्ये २७६ वर गेला. १९२० मध्येच चांदीच्या नाण्यांतली चांदी साडेब्याण्णव टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर आणली गेली आणि १९४७ मध्ये ती पूर्णपणे गेली. १९२५ मध्ये विन्स्टन चर्चिल अर्थमंत्री असताना पौंड पुन्हा युद्धपूर्व भावाने सोन्याला बांधला गेला. त्यासाठी किमती आणि मजुरी खाली दाबाव्या लागल्या, आणि २१ सप्टेंबर १९३१ ला तो बंध कायमचा सुटला. तरीही १७५० पासून १९३८ पर्यंतच्या जवळजवळ दोनशे वर्षांत किमती तिपटीहून थोड्याच अधिक वाढल्या होत्या. १९३८ पासून २००३ पर्यंतच्या पासष्ट वर्षांत त्या चाळीस पटींहून अधिक वाढल्या. पौंडाची जी घसरण आपण सहज "पूर्वीचा पौंड" म्हणून बोलतो, तिचा मोठा भाग आज हयात असलेल्या आजी-आजोबांच्या आयुष्यात झालेला आहे. एकट्या १९७५ मध्ये महागाई २४ टक्क्यांच्या वर होती. १९६० अखेर फार्दिंग चलनातून गेली, कारण तिला काही मिळेनासे झाले होते. १५ फेब्रुवारी १९७१ ला शंभर पेन्सचा नवा पौंड आला आणि २४० पेन्सचे हजार वर्षांहून जुने कोष्टक संपले. त्यामुळे जुन्या आणि नव्या पेनीची गल्लत आजही होते: नवी पेनी जुन्या २.४ पेन्सची आहे. सांख्यिकी कार्यालयाच्या त्या २००४ च्या अभ्यासातले एक वाक्य या साऱ्याचा अंदाज देते की, १७५० मध्ये नव्या मापातल्या एका पेनीची खरेदीशक्ती २००३ मधल्या एका पौंडाहून अधिक होती.

निर्देशांकही निर्दोष नसतात, हे सांगितले पाहिजे. १९१४ चा तो सरकारी निर्देशांक १९०४ मध्ये पाहिलेल्या कामगार कुटुंबांच्या खर्चावर आधारलेला होता आणि तो १९४७ पर्यंत वापरात राहिला, म्हणजे बदललेल्या घरांना जुन्याच टोपलीने मोजले गेले. आज किरकोळ किंमत निर्देशांक आणि ग्राहक किंमत निर्देशांक असे दोन आकडे तिथे चालतात. पहिल्याने २००३ नंतरची वाढ दुपटीहून अधिक आणि दुसऱ्याने सुमारे पाऊणपट दिसते. लेखाच्या आरंभी मुंबईच्या भाड्याचे तीन हजार पौंड सांगितले ते पहिल्या निर्देशांकाने. दुसऱ्याने ते अडीच हजारांच्या जवळ येतात. १९२१ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने गिरणी कामगारांच्या शहरासाठी निर्वाह खर्चाचा निर्देशांक सुरू केला तेव्हा त्याचाही पाया जुलै १९१४ हाच होता.

मराठी वाचकाला जुन्या कागदांत पौंड भेटतो तो बहुतेकदा रुपयाचा हात धरून, आणि तिथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. १८७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत रुपया सुमारे दोन शिलिंगांचा होता. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानातले दरडोई उत्पन्न वीस रुपये म्हणजे चाळीस शिलिंग असे मांडले ते या दराने. पुढे चांदीचा भाव जगभर कोसळला, चांदीचा रुपया त्याबरोबर उतरला, १८९३ मध्ये टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या आणि शतकाच्या अखेरीस हुंडणावळीचा दर एक शिलिंग चार पेन्सवर, म्हणजे पौंडाला पंधरा रुपयांवर बांधला गेला. तेच वीस रुपये या दराने २६ शिलिंग ८ पेन्स होतात. विलायतेला पाठवायच्या दहा लाख पौंडांसाठी पूर्वी एक कोटी रुपये लागत, आता दीड कोटी लागू लागले. निवृत्तिवेतने आणि व्याज पौंडांत ठरलेले असल्याने फरकाचा भार इथल्या रयतेवर पडला. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने बाबासाहेब आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती, पंधराच्या दराने १७२ रुपये ८ आणे. १९२७ मध्ये दर एक शिलिंग सहा पेन्स झाला आणि पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै पडू लागले. हा दर चढा आहे, जुनाच सोळा पेन्सांचा दर हवा, असे सांगणारी भिन्नमतपत्रिका पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी सरकारी चलन आयोगाच्या अहवालाला जोडली होती.

या वादात बाबासाहेबांनी आपले मत आधीच सविस्तर मांडलेले होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला आणि १९२५ मध्ये त्यांनी चलन आयोगापुढे साक्ष दिली. त्यांचे म्हणणे असे होते की, पौंडाच्या तुलनेत रुपया स्थिर ठेवला म्हणजे रुपया स्थिर झाला असे होत नाही. रुपयाची सर्वसाधारण खरेदीशक्ती स्थिर केल्याशिवाय रुपया स्थिर होऊच शकत नाही. मजूर आणि शेतकरी रुपया देऊन पौंड विकत घेत नाहीत. ते ज्वारी घेतात, कापड घेतात आणि घराचे भाडे भरतात.